लायब्ररीत नल कसा हाताळायचा: पहिली मेथड लिहिण्याआधीपासून ते नवीन व्हर्जनपर्यंत

नल (null, म्हणजे 'इथे काहीच व्हॅल्यू नाही' अशी खूण) म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, क्रॅश आला की त्या ओळीच्या वर एक इफ टाकतात आणि पुढे जातात. स्वतःच्या ॲपमध्ये हे कसंबसं चालून जातं, पण लायब्ररी (दुसऱ्यांच्या ॲपनी वापरायचा तयार कोड) लिहिताना नाही चालत, कारण तुमची मेथड कोण कुठून कॉल करणार हे तुम्हाला दिसत नसतं आणि समोरच्याला तुमच्या आतलं काही दिसत नसतं. त्याच्या हातात फक्त तुमचा इंटरफेस असतो, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या मेथड, त्यांचे पॅरामीटर आणि रिटर्न टाइप. म्हणून नलचा निर्णय तिथेच झाला पाहिजे आणि तो ठरावीक क्रमाने झाला पाहिजे, क्रम चुकला की नंतर कितीही इफ टाका, भोक दुसरीकडे पडतं.

उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं घेतो म्हणजे डोळ्यासमोर राहील. समजा तुम्ही कांद्याचे बाजारभाव देणारी एक छोटी जावा लायब्ररी लिहिताय. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे, येवला अशा बाजार समित्या, तारीख, आवक, आणि क्विंटलचा किमान, कमाल, सरासरी भाव. मुख्य मेथड एकच, 'भावशोधा', तिला बाजार आणि तारीख द्यायची. ही लायब्ररी सातपूरच्या एखाद्या कंपनीतलं ॲप वापरणार, कुणी शेतकरी कंपनीचा डॅशबोर्ड वापरणार, कुणी कॉटलिनमधून (जावासोबत चालणारी दुसरी भाषा) कॉल करणार. उदाहरणं जावातली आहेत, पण क्रम सी शार्प, टाइपस्क्रिप्ट सगळीकडे हाच.

## तयारी: एडिटर उघडण्याआधी

दोन गोष्टी समोर पाहिजेत. एक, सगळ्या पब्लिक मेथडची यादी, प्रत्येकीचे पॅरामीटर आणि रिटर्न टाइप सकट. प्रायव्हेट मेथड आत्ता नको, त्यांचं नंतर बघू. दुसरी, डेटा जिथून येतो तिथला खरा नमुना, म्हणजे खऱ्या टेबलमधल्या किंवा खऱ्या फाइलमधल्या ओळी, आणि त्यात मुद्दाम सुट्टीचे दिवस घ्या. नुसत्या भरलेल्या ओळी बघून डिझाइन केलं तर रिकाम्या जागा प्रॉडक्शनमध्येच पहिल्यांदा दिसतात.

## पायरी १: 'रिकामं' म्हणजे नक्की काय, ते लिहून काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

'भावशोधा'ने उमराण्याचा अमुक तारखेचा भाव दिला नाही. का दिला नाही? रविवार असेल, लिलावच नसतील. आंदोलन असेल, जसं ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावल्यावर जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. किंवा लिलाव झाले पण आकडे अजून अपलोड व्हायचेत. किंवा बाजार चालू होता पण लाल कांद्याची आवकच नव्हती, सगळा उन्हाळ कांदा आला. किंवा कॉल करणाऱ्याने बाजाराचं नाव चुकीचं टाइप केलं. किंवा तुमचा सर्व्हरच बंद होता.

एवढ्या सगळ्याचं उत्तर एकच नल दिलं तर कॉल करणाऱ्याने करायचं काय? आकडे यायचे असतील तर त्याने अर्ध्या तासाने परत विचारायला पाहिजे, लिलाव बंद असतील तर परत विचारून काही होणार नाही, नाव चुकलं असेल तर त्याचा कोड दुरुस्त व्हायला पाहिजे, आणि सर्व्हर बंद असेल तर युजरला 'भाव नाही' असं दाखवणं सरळ खोटं आहे. नल ही माहिती खाऊन टाकतो आणि एकदा खाल्ली की पुढच्या कुणालाच ती परत काढता येत नाही.

तर कागदावर तीन रकाने करा: रिकामं असण्याचं कारण, ते नेहमीचं की चुकीचं, आणि कॉल करणाऱ्याने त्यावर काय करावं. तिसऱ्या रकान्यात दोन कारणांसमोर वेगळं उत्तर आलं तर ती दोन कारणं इंटरफेसमध्येही वेगळी दिसली पाहिजेत. उत्तर सारखंच आलं तर एकत्र करा, उगाच दहा प्रकार नकोत.

चेक: प्रत्येक पब्लिक मेथडसमोर 'इथे रिकामं येऊ शकतं का आणि का' याचं एका ओळीत उत्तर देता येतंय ना? 'येऊ शकतं बहुतेक' हे उत्तर नाही, तिथे थांबा आणि डेटा बघा.

## पायरी २: आत येणारे पॅरामीटर पहिल्याच ओळीत तपासा

नियम सरळ आहे, पब्लिक मेथडला आणि कन्स्ट्रक्टरला नल चालत नसेल तर पहिल्याच ओळीत 'ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल' (नल आला की तिथेच एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकणारी जावाची तयार मेथड) लावा आणि मेसेजमध्ये पॅरामीटरचं नाव लिहा. कन्स्ट्रक्टरमध्ये तर हे हवंच, कारण तिथे नल फील्डमध्ये जाऊन बसला की तो फुटतो भलत्याच वेळी, भलत्याच थ्रेडमध्ये, आणि स्टॅक ट्रेसमध्ये (फुटताना कुठून कुठे कॉल गेले त्याची यादी) ज्याने नल दिला त्याचं नावही नसतं.

काही जण म्हणतात की जावा १५ पासून नल पॉइंटर एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये कुठला व्हेरिएबल नल होता ते आपोआप येतं, मग हे कशाला? ते कुठे फुटलं एवढंच सांगतं, आला कुठून ते नाही सांगत.

यातल्या नेहमीच्या चुका:

नलला 'डिफॉल्ट' म्हणून वापरणं. तारखेच्या जागी नल दिला तर आजची तारीख धरायची, असं बरेच जण करतात. मग एके दिवशी कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये तारीख वाचताना गडबड होते, नल येतो, आणि तुमची लायब्ररी गपचूप आजचा भाव देते. एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तर मात्र चुकीचं. त्यापेक्षा 'आजचाभाव' अशी वेगळी मेथड द्या, ती फक्त बाजार घेईल.

पॅरामीटर म्हणून ऑप्शनल (आत व्हॅल्यू आहे किंवा नाही हे सांगणारा जावाचा डबा) घेणं. दिसायला बरं दिसतं, पण ऑप्शनल स्वतःच नल असू शकतो, म्हणजे दोनाच्या जागी तीन अवस्था झाल्या आणि कॉल करणाऱ्याला प्रत्येक वेळी व्हॅल्यू गुंडाळून द्यावी लागते ते वेगळंच. ऑप्शनल रिटर्नसाठी ठेवा.

लिस्ट घेताना फक्त लिस्ट तपासणं. लिस्ट नल नाही पण आतला तिसरा बाजार नल आहे, हे हमखास होतं. 'लिस्ट.कॉपीऑफ' वापरा, आत नल सापडला तर ती तिथेच एक्सेप्शन फेकते आणि वर स्वतःची न बदलणारी कॉपी मिळते, त्यामुळे कॉल करणाऱ्याने नंतर त्याची लिस्ट बदलली तरी तुम्हाला फरक पडत नाही.

सावधान: लिस्टमध्ये नल आहे का हे बघायला 'कंटेन्स'ला नल देऊ नका. 'लिस्ट.ऑफ'ने बनवलेल्या लिस्टवर तो प्रश्न विचारला की तीच नल पॉइंटर एक्सेप्शन फेकते.

रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच समजू नका. बाजाराचं नाव रिकामं आलं तर ती चुकीची व्हॅल्यू आहे, तिथे इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन फेका, आणि नलसाठी जावाच्या स्वतःच्या पद्धतीप्रमाणे नल पॉइंटर एक्सेप्शन. तुम्हाला उलट आवडत असेल तर तसं करा, पण अख्ख्या लायब्ररीत एकच पद्धत ठेवा.

## पायरी ३: रिटर्नचं रूप ठरवा

आता पहिल्या पायरीतला कागद समोर घ्या. इथे चार पर्याय आहेत आणि कुठला घ्यायचा ते त्या कागदावरून आपोआप ठरतं.

अनेक गोष्टी परत करत असाल तर रिकामी लिस्ट. जिल्ह्यातल्या सगळ्या बाजारांचे भाव मागितले आणि एकही नसेल तर रिकामी लिस्ट द्या, नल कधीच नाही. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

एकच गोष्ट आणि ती नसण्याचं एकच साधं कारण असेल तर ऑप्शनल. उदाहरणार्थ कोडवरून बाजार शोधणं, आहे किंवा नाही. पण ऑप्शनल देणाऱ्या मेथडने चुकूनसुद्धा नल रिटर्न करता कामा नये, आणि आत व्हॅल्यू नल असू शकत असेल तर 'ऑप्शनल.ऑफ' नाही, 'ऑफनलेबल' लागतं, 'ऑफ' नलवर फुटतं. डॉक्युमेंटमध्ये उदाहरण देताना 'ऑरएल्स' आणि 'ऑरएल्सगेट'मधला फरक दाखवा, कारण 'ऑरएल्स'च्या कंसातला कोड व्हॅल्यू असो नसो दरवेळी चालतो, तिथे कुणी सर्व्हर कॉल टाकला तर भाव हातात असतानाही तो कॉल जात राहणार.

नसणं हीच चूक असेल तर एक्सेप्शन. चुकीचा बाजार कोड, बंद सर्व्हर. याला रिकाम्या ऑप्शनलमध्ये लपवू नका. इथे नावाची शिस्त पाळा: 'शोधा'ने संपणारी मेथड न सापडल्याचं उत्तर देते, 'घ्या'ने सुरू होणारी एक्सेप्शन फेकते. पूर्ण लायब्ररीत एकसारखं असेल तर माणूस डॉक्युमेंट न वाचताही बरोबर वापरतो.

नसण्याची कारणं वेगळी आणि महत्त्वाची असतील तर स्वतःचा टाइप. आपल्या 'भावशोधा'ला हाच लागतो. जावा १७ पासून सील्ड इंटरफेस (ज्याची रूपं आधीच ठरवून बंद केलेली असतात असा टाइप) आहे, त्याची तीन रूपं करा: भाव आला, लिलाव बंद, अजून आकडे नाहीत. जावा २१ मध्ये स्विच लावून कॉल करणाऱ्याने एखादं रूप सोडलं तर कंपायलरच अडवतो, तुम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही. चौथं रूप नंतर वाढवलं तर सगळ्यांचे स्विच कंपाइल व्हायचे थांबतील, तेव्हा ते मेजर व्हर्जनलाच (जुना कोड मोडू शकतो असं सांगून काढलेलं मोठं व्हर्जन) करा, आणि म्हणूनच पहिली पायरी नीट करायची असते.

सावधान: भाव नाही म्हणून शून्य किंवा उणे एक परत करू नका. त्यावर कुणीतरी बेरीज करणारच. सगळे आकडे शून्य असलेला 'रिकामा भाव' ऑब्जेक्टही नको. काहीच न करणारा लॉगर द्यायला तशी युक्ती ठीक आहे, डेटाला नाही.

सावधान: बॉक्स केलेला बूलियन (साधा नव्हे, ऑब्जेक्टच्या रूपातला, जो नल असू शकतो) नल परत करू नका. होय, नाही, माहीत नाही अशा तीन अवस्था असतील तर एनम (ठरावीक नावांचाच टाइप) करा. आणि टर्नरीत (एका ओळीतला इफ-एल्स) एका बाजूला साधा इंट शून्य, दुसऱ्या बाजूला नल असलेला इंटिजर असं लिहिलं तर जावा तो इंटिजर उघडायला जातो आणि तिथेच फुटतो, जरी रिझल्ट इंटिजरमध्येच ठेवायचा असला तरी. ओळ बघून हे अजिबात लक्षात येत नाही.

चेक: 'बाजार बंद होता' आणि 'सर्व्हर बंद होता' हे कॉल करणाऱ्याला फक्त टाइप बघून वेगळं कळतंय का?

## पायरी ४: डेटाबेस, जेसन आणि फाइल यांच्या हद्दीवर नल पकडा

इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते आणि ती क्रॅश होत नाही.

जेडीबीसीची (जावातून डेटाबेस वाचायची सोय) 'गेटइंट' मेथड कॉलममध्ये नल असेल तर शून्य परत करते. एक्सेप्शन नाही, सरळ शून्य. समजा लासलगाव १५००, पिंपळगाव १६००, येवला १४०० आणि उमराणे बंद, म्हणून तिथे नल. तुमच्या लायब्ररीने 'गेटइंट' वापरलं तर यादीत चौथा भाव ० येतो आणि सरासरी १५०० च्या जागी ११२५ निघते. क्विंटलमागे ३७५ रुपयांचा फरक, वीस क्विंटलच्या ट्रॉलीवर ७,५०० रुपये, आणि कुणीतरी त्या आकड्यावर माल आज काढायचा की चाळीत ठेवायचा ते ठरवतंय. वरून हे कुणाला लगेच कळतही नाही, कारण हीच सरासरी एसक्यूएलच्या 'ॲव्हरेज'ने काढली तर तो नल सोडून देतो आणि बरोबर १५०० देतो. म्हणजे एका स्क्रीनवर १५००, दुसऱ्यावर ११२५, आणि दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर दिसतात.

उपाय दोन. एकतर 'गेटइंट'नंतर ताबडतोब 'वॉजनल' विचारा, ताबडतोब म्हणजे दुसरा कॉलम वाचायच्या आधी, कारण ती फक्त शेवटच्या वाचलेल्या कॉलमबद्दल सांगते. नाहीतर 'गेटऑब्जेक्ट'ला इंटिजर क्लास देऊन वाचा, तिथे नल नल म्हणूनच येतो. मला दुसरा बरा वाटतो, विसरायला जागा कमी.

क्वेरीतही बघा. नलशी बरोबर चिन्हाने (=) तुलना कधीच खरी होत नाही, 'इज नल' लागतं. आणि 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तर एकही ओळ परत येत नाही.

जेसनमध्ये (ॲप एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा साचा) की, म्हणजे फील्डचं नाव, नसणं आणि की असून व्हॅल्यू नल असणं या दोन गोष्टी आहेत. अपडेटच्या रिक्वेस्टमध्ये तर फार फरक पडतो: आरएफसी ७३९६ (इंटरनेटच्या एका मानकाचा क्रमांक) मधल्या मर्ज पॅचमध्ये नल म्हणजे ते फील्ड काढून टाका, आणि की नसेल तर त्याला हात लावू नका. जॅक्सन २ (जेसन वाचणारी जावा लायब्ररी) मध्ये साध्या इंट फील्डला नल आला तर डिफॉल्टने शून्य भरलं जातं, पुन्हा तेच शून्य, तेव्हा नलवर फेल होण्याची सेटिंग चालू करा किंवा फील्ड इंटिजर ठेवा. टाइपस्क्रिप्टवाल्यांनी डिफॉल्ट देताना दोन उभ्या रेघांचा ऑर वापरू नये, तो खऱ्या शून्य आवकेलाही रिकामं समजतो, दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर फक्त नल आणि अनडिफाइंडलाच पकडतो.

फाइलमधून येणाऱ्या डेटात तर डॅश, मोकळी जागा, 'निरंक', शून्य, सगळं मिसळलेलं असतं. हे सगळं एकाच ठिकाणी, हद्दीवरच्या एका क्लासमध्ये, तुमच्या तीन रूपांपैकी एकात बदला. त्या क्लासच्या आत नल फिरला तर फिरू दे, बाहेर पडता कामा नये.

चेक: टेबलमध्ये एक खरा नल आणि एक खरं शून्य टाका, लायब्ररीतून वाचा. दोन्हीचं उत्तर सारखं आलं तर पुढे जाऊ नका.

## पायरी ५: आतले मॅप आणि कॅश

हॅशमॅपचं (की देऊन व्हॅल्यू काढायचा साठा) 'गेट' की नसेल तरी नल देतं आणि की असून व्हॅल्यू नल असेल तरी नलच देतं. 'गेटऑरडिफॉल्ट'ने प्रश्न सुटत नाही, की असून व्हॅल्यू नल असेल तर ते डिफॉल्ट न देता नलच देतं. कॉन्करंट हॅशमॅप नल घेतच नाही, आणि स्ट्रीममधून 'टूमॅप' करताना व्हॅल्यू नल आली की फुटतं.

कॅश करताना (एकदा आणलेलं उत्तर परत वापरायला साठवताना) एक खास चूक: 'कंप्यूटइफॲब्सेंट'मधल्या फंक्शनने नल दिला तर काहीच साठवलं जात नाही, म्हणजे बंद बाजाराचा भाव जितक्या वेळा विचाराल तितक्या वेळा डेटाबेसला फेरी. चौथ्या पायरीत नल हद्दीवरच बदलला असेल तर इथे 'लिलाव बंद' हा ऑब्जेक्ट साठवला जातो आणि प्रश्न येतच नाही. 'अजून आकडे नाहीत' मात्र थोड्या मिनिटांपुरतंच कॅश करा.

## पायरी ६: ॲनोटेशन आणि डॉक्युमेंट

जेस्पेसिफाय १.० (कुठे नल येऊ शकतो ते कोडवर लिहायच्या खुणांचा, म्हणजे ॲनोटेशनचा, संच) हे २०२४ मध्ये आलंय, नवीन लायब्ररीला तेच घ्या. पॅकेजवर 'नलमार्क्ड' लावा म्हणजे सगळं डिफॉल्टने नल नसलेलं, आणि जिथे खरंच नल येऊ शकतो तिथेच 'नलेबल'. उलट करू नका, प्रत्येक ठिकाणी नॉननल लिहीत बसलात तर कुठेतरी राहून जाणार.

हे न लावल्यास कॉटलिनवाल्यांना तुमचे टाइप प्लॅटफॉर्म टाइप (नल येईल की नाही ते माहीत नसलेले) म्हणून दिसतात आणि कंपायलर त्यांना काहीच बोलत नाही, फुटतं ते रनटाइमला. लावलं की कॉटलिन २.१ पासून डिफॉल्टनेच कडक एरर मिळतात. स्वतःच्या बिल्डमध्ये नलअवे (नलच्या चुका कंपाइल करतानाच पकडणारं टूल) बसवा.

सावधान: ॲनोटेशन रनटाइमला काही अडवत नाही. दुसऱ्या पायरीतले चेक काढून टाकू नका.

डॉक्युमेंटमध्ये 'भाव परत करते' एवढंच नको. कुठलं रूप कधी येतं, कुठलं एक्सेप्शन कधी, आणि परत विचारायचं की नाही, हे लिहा. तो पहिल्या पायरीचा तिसरा रकाना, तोच कॉपी करा.

## पायरी ७: टेस्ट

प्रत्येक पब्लिक मेथडच्या प्रत्येक पॅरामीटरला एकेक करून नल द्या, एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये त्याच पॅरामीटरचं नाव येतंय का बघा. सगळे एकदम नल दिले तर पहिलाच चेक लागतो आणि बाकीचे आहेत की नाहीत कळत नाही.

डेटाबेसची टेस्ट खऱ्या डेटाबेसवर घ्या. मॉक केलेल्या, म्हणजे नकली, रिझल्टसेटने 'गेटइंट'ला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवता, त्यामुळे ते नलचं शून्य तिथे कधीच दिसत नाही. आणि सरासरीची एक टेस्ट ठेवा ज्यात एक बाजार बंद आहे.

## पायरी ८: जुन्या लायब्ररीत हे आणायचं असेल तर

लोक वापरत असलेल्या मेथडचा रिटर्न टाइप सरळ ऑप्शनल करू नका, जुन्या व्हर्जनवर कंपाइल केलेलं ॲप नवीन जार (लायब्ररीची फाइल) टाकल्यावर मेथडच सापडत नाही म्हणून पडतं. शेजारी नवीन मेथड द्या, जुनीला डेप्रिकेटेड (पुढे काढणार अशी खूण) लावा, जुनीचं वागणं जसंच्या तसं ठेवा आणि मेजर व्हर्जनला काढा.

काय बदललं तर मोडतं हे असं बघायचं: पॅरामीटरमध्ये आधी नल चालत नव्हता आणि आता चालतो, हे सुरक्षित. रिटर्नमध्ये आधी नल येत होता आणि आता कधीच येत नाही, हे साधारण सुरक्षित, फक्त नलवर वेगळी वाट घेणाऱ्यांसाठी चेंजलॉगमध्ये लिहा. याच्या उलट दोन्ही बदल मोडणारे. म्हणजे दुसऱ्या पायरीतले कडक चेक जुन्या लायब्ररीत पॅच व्हर्जनला गुपचूप टाकायचे नाहीत, आजवर नल देऊन चाललेला कोड दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन लिलावाच्या वेळी पडेल. आधी एक-दोन रिलीज फक्त लॉगमध्ये वॉर्निंग द्या, पॅरामीटरच्या नावासकट.

आणि इंटरफेस असा असेल की जो कॉल करणारा स्वतः इम्प्लिमेंट करतो, जसं भाव आल्यावर बोलावायचा लिसनर, तर हा नियम बरोबर उलटा लावा: तिथे पॅरामीटर तुम्ही देता आणि रिटर्न तो देतो, त्यामुळे पॅरामीटरमध्ये आजवर न येणारा नल पाठवायला लागलात की त्याचं ॲप पडणार.